स्वयंपाकावरचा सिनेमा घरातल्या सगळ्यांनी एकत्र पाहण्याजोगा आहे की नाही, हे कसे ठरवावे?

दुधनाकाठ (सेलू)

सर्वांना नमस्कार. महालक्ष्म्यांच्या (गौरींच्या) जेवणाच्या दिवशी आमच्या घरी दीर, जावा, नणंदा आणि त्यांची मुले असा सगळा गोतावळा जमतो. सवाष्णी जेवून गेल्या आणि मागचे आवरून झाले, की रात्री पुढच्या खोलीत सतरंज्या पडतात आणि सगळे मिळून एखादा सिनेमा पाहतात, असा पायंडा अलीकडे पडला आहे. यंदा सिनेमा निवडण्याचे काम माझ्याकडे आहे. मुलांना सध्या पाककृतींच्या व्हिडिओंचे वेड लागलेले असल्यामुळे सिनेमा स्वयंपाकावरचाच हवा, अशी त्यांची अट आहे.

वरवर पाहता हे काम सोपे आहे, कारण कणीक, फोडणी आणि ताट-वाट्या दाखवणाऱ्या सिनेमात मारामारी नसते आणि आयटम गाणेही सहसा नसते. तरीही मी 'मिसेस' या, सासरच्या स्वयंपाकघरात अडकलेल्या सुनेवरच्या हिंदी सिनेमाचे नाव काढले, तेव्हा माझी सख्खी बहीण म्हणाली, "अवश्य लाव, सगळ्यांनी बघायलाच पाहिजे," आणि मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "चुकूनही लावू नकोस." दोघींनी सिनेमा पूर्ण पाहिलेला आहे आणि दोघीही विचारी आहेत. तेव्हापासून मी अडले आहे.

आमच्याकडे सात वर्षांच्या पुतणीपासून ऐंशीच्या घरातल्या आजेसासूबाईंपर्यंत सगळे असतील. मामंजी माळकरी आहेत. आजेसासूबाईंना हिंदी समजते, परंतु पडद्याखालच्या ओळी वाचता येत नाहीत. कोणत्या खुणांवरून सिनेमा पारखावा, हे जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. "आमच्याकडे चालतो" किंवा "आमच्याकडे चालत नाही" एवढ्याने माझे काम भागणार नाही.

कयाधू (हिंगोली)

ताई, सुरुवात प्रमाणपत्रापासून करू, कारण त्याविषयी बरेच गैरसमज आहेत. सिनेमागृहात लागणाऱ्या चित्रपटाला १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार प्रमाणपत्र घ्यावे लागते. पूर्वी सर्वांसाठी 'यू' आणि फक्त प्रौढांसाठी 'ए' असे दोनच मुख्य वर्ग होते. १९८३ मध्ये त्यांत 'यूए' आणि विशिष्ट व्यवसायातील प्रेक्षकांसाठी 'एस' यांची भर पडली. २०२३ च्या दुरुस्तीने 'यूए'चे वयानुसार सात, तेरा आणि सोळा असे तीन भाग केले. 'यूए' म्हणजे बंदी नव्हे. त्या वयाखालच्या मुलाला दाखवायचे की नाही, हे पालकांनी ठरवावे, एवढीच ती सूचना आहे.

घरी मोबाइलवर किंवा टीव्हीवर ओटीटीवरून जे येते, त्याची व्यवस्था वेगळी आहे. तेथे २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम लागू होतात आणि वयोगट ती सेवा देणारी कंपनी स्वतःच ठरवते. सिनेमा सुरू होताना कोपऱ्यात वयाचा आकडा येतो आणि त्याच्याजवळ त्यात शिवराळ भाषा, हिंसा, लैंगिक प्रसंग, मद्यपान यांपैकी काय आहे, ते थोडक्यात लिहिलेले असते. तो मजकूर काही क्षणांत निघून जातो आणि नेमके तेव्हा घरात कोणी पाण्याचा तांब्या शोधत असतो, म्हणून सिनेमाच्या माहितीच्या पानावर तो आधीच वाचून ठेवावा. या नियमांच्या परिशिष्टात भेदभाव हाही वर्गीकरणाचा एक निकष दिलेला आहे, हे पुष्कळांना माहीत नसते.

आता तुमच्या प्रश्नापुरते सांगायचे तर, प्रमाणपत्र हे मूल काय पाहील याचा विचार करते. सासरा शेजारी बसलेला असताना सुनेला काय पाहावे लागेल, याचा विचार ते करत नाही आणि ते त्याचे कामही नाही. तुमच्या बहिणीत आणि जाऊबाईंत मतभेद झाला आहे, तो या दुसऱ्या भागाविषयी असावा, असे मला वाटते.

तंबूतला (लोहा)

कयाधू यांनी शेवटी फार मार्मिक लिहिले आहे. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत टुरिंग टॉकीजचे तंबू लागत, तेव्हा त्यांत बायकांची बाजू वेगळी आणि पुरुषांची वेगळी असे. मधे दोर किंवा कनात असायची. त्या काळी अख्खे गाव एकच सिनेमा पाहत असले, तरी सासरा कुठे हसला हे सुनेला दिसत नसे आणि सुनेने कुठे पदर डोळ्यांना लावला हे सासऱ्याला कळत नसे. आज एकाच सोफ्यावर, एकाच उजेडात सगळे बसतात आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर प्रत्येकाचे लक्ष असते. एकत्र पाहण्याची ही अडचण सिनेमापेक्षा बैठकीने जास्त निर्माण केलेली आहे.

असो. माझी सूचना सोपी आहे. 'बावर्ची' लावा. १९७२ चा हृषीकेश मुखर्जी यांचा सिनेमा; राजेश खन्ना स्वयंपाकी होऊन 'शांति निवास' नावाच्या भांडकुदळ एकत्र कुटुंबात येतो. सकाळचा चहा कोणी करायचा यावरून घर पेटते, म्हातारे दादूजी पलंगावरून सगळ्यांना बोल लावतात, आणि हा बाबा वाटण वाटता वाटता एकेकाला वळणावर आणतो. त्यात डोळे मिटून घ्यावे लागतील असे एकही दृश्य नाही. मामंजींपासून सात वर्षांच्या मुलीपर्यंत सगळ्यांना कळेल आणि भाषा हिंदी असल्यामुळे आजेसासूबाईंचाही प्रश्न सुटेल.

रात्रपाळी (छत्रपती संभाजीनगर)

'बावर्ची' मलाही प्रिय आहे, पण तो सगळ्यांना चालतो याचे कारण एकदा तपासून पाहावे. त्या घरातली भांडणे स्वयंपाकावरून आहेत आणि ती मिटतात, कारण स्वयंपाक करायला बाहेरचा माणूस येतो. त्यामुळे पाहणाऱ्या घरातल्या कोणालाही उठून काही करावे लागत नाही. सासूला वाटते आपण बऱ्या, सुनेला वाटते आपणही बऱ्याच, आणि सगळे हसत झोपायला जातात. तपन सिन्हा यांच्या १९६६ च्या बंगाली सिनेमावरून तो घेतलेला आहे, म्हणजे ही युक्ती त्याच्याही आधीची आहे.

'मिसेस' ज्या मल्याळम सिनेमावरून केला, तो 'द ग्रेट इंडियन किचन' (२०२१, दिग्दर्शक जिओ बेबी) मी दोनदा पाहिला आहे. ताईंना नेमके काय अवघड जाईल, ते मी उघड लिहिते, म्हणजे अंदाज येईल. त्यात शिवी नाही, रक्त नाही, पार्श्वसंगीतही जवळपास नाही. ऐकू येतो तो विळीचा, पातेल्याचा, तेलाचा, केरसुणीचा आवाज. सासरे कुकरमधला भात खात नाहीत, चुलीवरचाच हवा. चटणी मिक्सरची नको, पाट्यावरची हवी. कपडे यंत्रात धुऊ नयेत, त्यांचे आयुष्य कमी होते. यातले कोणतेही वाक्य कोणी ओरडून म्हणत नाही. सगळे अगदी गोड आवाजात बोलतात आणि म्हणूनच अंगावर येते. पुरुष जेवून उठतात तेव्हा शेवग्याच्या चघळलेल्या शेंगा टेबलावर ताटाबाहेर पडलेल्या असतात, आणि त्यानंतर सासू-सून त्याच टेबलाशी जेवायला बसतात. कॅमेरा त्या चोथ्यावर थांबतो. मोरीखालचा पाइप गळत असतो, नवऱ्याला दुरुस्तीवाल्याला बोलवायला सांगितलेले असते, आणि तो विसरतो. रोज विसरतो.

लहान मुलांसमोर अडचण होईल असे प्रसंग म्हणाल, तर पती-पत्नीच्या एकांताचे आहेत. ते उघडेवाघडे नाहीत, परंतु तिच्या मनाविरुद्ध आहेत हे स्पष्ट कळते. मोठ्यांसमोर अडचण होईल असा भाग मासिक पाळीचा आहे. तिला वेगळ्या खोलीत बसवतात, शिवल्यावरून नवरा संतापतो, आणि घरात शबरीमलेच्या व्रताची तयारी चालू असते. शबरीमलेच्या मंदिरात सर्व वयांच्या स्त्रियांना प्रवेश देणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल कथेच्या मागे उभा आहे. हिंदीत हा धार्मिक भाग सौम्य केला आहे आणि नवरा शिक्षकाऐवजी डॉक्टर आहे, परंतु स्वयंपाकघराची गोष्ट तीच आहे.

माझे मत विचाराल तर सात वर्षांच्या मुलीसाठी तो सिनेमा नाही. बाकी कोणासाठी तो नाही, असे मला म्हणवत नाही.

माळकरी_पैठण

मी स्वतः माळकरी आहे, त्यामुळे मामंजींच्या बाजूने लिहितो. स्वयंपाकावरच्या सिनेमांची शिफारस करणारे लोक एक गोष्ट हमखास विसरतात. शाकाहारी माणसाला पडद्यावर मांस दिसले म्हणजे तो लगेच बिथरतो असे नाही. बाजारात, बसस्थानकावर, शेजाऱ्याच्या घरी ते आम्ही पाहतोच. परंतु ज्या सिनेमाचा विषयच पाककृती आहे, तेथे कॅमेरा सुरीच्या पात्यापाशी जातो, कातडी सोलताना दाखवतो, आणि प्राणी जिवंत असल्यापासून ताटात येईपर्यंतचा प्रवास मोठ्या कौतुकाने रंगवतो. ते दोन तास सहन होत नाही.

उदाहरण देतो. 'बॅबेट्स फीस्ट' हा १९८७ चा डॅनिश सिनेमा फार मोठा मानला जातो, त्याला परभाषिक चित्रपटाचे ऑस्करही मिळाले, आणि अमेरिकेत त्याला सर्वांसाठी योग्य असा 'जी' दर्जा आहे. दोन वृद्ध, धर्मनिष्ठ बहिणींच्या घरी आश्रयाला आलेली फ्रेंच स्वयंपाकीण आपल्याला मिळालेले सगळे पैसे एका मेजवानीवर उधळते, इतकीच कथा. विचाराच्या दृष्टीने तो मला आमच्या भजनी मंडळातही लावावासा वाटतो, कारण देह सुकवूनच देव भेटतो असे मानणाऱ्या मंडळींना प्रेमाने वाढलेले एक जेवण कसे मऊ करते, ते त्यात आहे. परंतु त्या मेजवानीसाठी भले मोठे जिवंत कासव घरात येते, स्वयंपाकघरात मान हलवते, आणि ते पाहून त्या बहिणींपैकी एकीला रात्री भयंकर स्वप्न पडते. पुढे त्याच कासवाचे सूप होते, आणि पिठाच्या पारीत बसवलेले लावे डोक्यासकट ताटात येतात. कोणत्याही देशाचे प्रमाणपत्र मला या कासवाविषयी सावध करणार नाही. ते घरातल्याच कोणीतरी आधी पाहून सांगायला हवे.

मद्याचेही तेच आहे. परदेशी स्वयंपाकात वाइन हा फोडणीइतका साधा घटक असतो. त्याचा बाऊ करू नये, पण लहान मुले विचारतात, तेव्हा उत्तर तयार असावे.

औंढ्याचे_गुरुजी (औंढा नागनाथ)

मुलांच्या बाजूने दोन शब्द. प्राथमिक शाळेत बरीच वर्षे काढल्यावर एक कळले, की मुले ज्या गोष्टीने घाबरतील असे मोठ्यांना वाटते, तिने ती घाबरत नाहीत, आणि भलत्याच गोष्टीने रात्री उठून बसतात.

'रॅटाटुई' (२००७) हा उंदराचा ॲनिमेशनपट सर्वांत निर्धोक समजला जातो आणि बहुतांशी तो आहेच. रेमी नावाचा उंदीर पॅरिसच्या हॉटेलात एका गोंधळलेल्या पोराच्या टोपीत बसून, त्याचे केस ओढून त्याच्याकडून स्वयंपाक करून घेतो. महालक्ष्म्या गणपतीतच येत असल्यामुळे त्या रात्री स्वयंपाकघरातल्या उंदराला आजेसासूबाईही बोल लावणार नाहीत, असे धरून चालतो. पण त्यात एक प्रसंग असा आहे, की रेमीचा बाप त्याला एका दुकानाच्या काचेसमोर नेतो आणि काचेआड सापळ्यांत लटकलेले मेलेले उंदीर दाखवतो. बाहेर पाऊस असतो, काचेवर ओघळ असतात. आमच्या शाळेत सिनेमा दाखवला, तेव्हा चाकू, आग, पळापळ यांवर पोरे खिदळत होती, आणि या एका प्रसंगाला पहिलीचा वर्ग एकदम चिडीचूप झाला. त्यानंतर एकाने विचारले, "गुरुजी, आपल्या पोषण आहाराच्या खोलीत पण औषध टाकतेत का?" शिवाय त्या पोराचा बाप कोण, हेही कथेतले एक रहस्य आहे, आणि हॉटेलचा मुख्य आचारी त्याला वाइन पाजून बोलते करू पाहतो. यात गैर काही नाही, परंतु प्रश्न येणार, हे गृहीत धरावे.

दुसरा सिनेमा सुचवतो, 'स्टॅनली का डब्बा' (२०११, अमोल गुप्ते). एका मुलाकडे डबा नसतो आणि एक शिक्षक मुलांच्या डब्यांवर डोळा ठेवून असतो. तो शिक्षक पाहताना मी खुर्चीत जरा चुळबुळलो, हे सांगायला हरकत नाही, कारण वर्गातल्या डब्यांचा वास आम्हालाही येतोच. आमच्या स्वयंपाक करणाऱ्या मावशी दाराशी उभ्या राहून शेवटपर्यंत पाहत होत्या. हा सिनेमा सर्व वयांना चालेल. फक्त शेवटी तो मुलगा कुठे राहतो आणि काय करतो हे कळल्यावर घरात थोडा वेळ शांतता होईल, तिची तयारी ठेवा.

आणि एक धोक्याची सूचना. चित्र पाहून निवड करू नका. 'सॉसेज पार्टी' (२०१६) नावाचा सिनेमा आहे. पोस्टरवर किराणा दुकानातल्या पावाला, सॉसेजला हातपाय आणि डोळे दिसतात. अमेरिकेत त्याला 'आर' दर्जा आहे, म्हणजे १७ वर्षांखालच्या मुलांनी पालकांशिवाय पाहू नये, आणि ते अगदी रास्त आहे. केवळ कार्टून दिसले म्हणून मुलांच्या हाती रिमोट देऊन मोठी माणसे ओसरीवर गप्पा मारत बसली, तर अनर्थ होईल.

मोंढ्यातला (जालना)

भाषेचा मुद्दा राहिला. जॉन फॅव्हरोचा 'शेफ' (२०१४) बाप-लेकाच्या नात्यावरचा अतिशय प्रेमळ सिनेमा आहे. बापाची हॉटेलातली नोकरी जाते आणि तो मुलाला सोबत घेऊन गाडीवर सँडविच विकत देशभर फिरतो. कथा इतकी कौटुंबिक असूनही अमेरिकेत तो 'आर' आहे आणि त्याचे कारण प्रामुख्याने शिव्या हेच दिलेले आहे. आपल्याकडे इंग्रजी शिव्या कानावरून जातात म्हणून लोक निश्चिंत असतात, परंतु आता घरातल्या दहा वर्षांच्या मुलाला त्या आपल्यापेक्षा लवकर कळतात. मराठी किंवा हिंदी ध्वनी उपलब्ध आहे का, आणि त्यात त्या सौम्य केल्या आहेत का, हे पहिली दहा मिनिटे लावून तपासावे. याहून जास्त लिहिण्यासारखे माझ्याकडे नाही.

येळवस (निलंगा)

मी इतके दिवस नुसते वाचते, पण या विषयावर राहवले नाही.

आमच्या लातूर-धाराशिवकडे वेळ अमावास्येला सगळे गाव शेतात जेवायला जाते. कडब्याची कोप (खोपी), तिच्यात पूजेचे पांडव, आंबिलाचा बिंदगा (घागर), भज्जी, उंडे, खीर, सगळे किती सुरेख असते ते बाहेरचे पाहुणे वर्षभर सांगत राहतात. भज्जीला किती प्रकारच्या शेंगा आणि भाज्या सोलाव्या लागतात, ते मात्र ज्यांनी सोलल्या त्यांनाच ठाऊक. आदल्या रात्री आमच्या घरातल्या बायका झोपत नाहीत. मधल्या घरात दिवा, मांडीवर परात, आणि बोटांची नखे वालाच्या, तुरीच्या शेंगांनी हिरवी झालेली. पुरुष त्या वेळी वाईट वागतात असे अजिबात नाही. ते झोपलेले असतात, एवढेच. सकाळी उठून गाडी जुंपायची असते ना.

मागच्या अमावास्येच्या आदल्या रात्री माझ्या चुलत सुनेने शेंगा सोलताना मोबाइल डब्याला टेकवून 'मिसेस' लावला. आम्ही सगळ्या बायकाच होतो. सासूबाईंनी एकदाही मान वर केली नाही, पण सोलायचा वेग कमी झाला होता, हे माझ्या लक्षात आले. सासरा फुलका गरम हवा म्हणतो तिथे त्या इतकेच म्हणाल्या, "ह्याचं बरंय." एकांताचे प्रसंग आले तेव्हा सुनेने पुढे ढकलले आणि कुणाचे काही अडले नाही.

म्हणून मला असे वाटते, की सिनेमा योग्य आहे का हा प्रश्न विचारताना खोलीत कोण कोण आहे आणि त्या वेळी कोणाचे हात कशात आहेत, हे आधी विचारावे. तोच सिनेमा त्याच घरात सगळे पुरुष समोर बसलेले असताना लावला असता, तर सासूबाई उठून पाणी तापवायला गेल्या असत्या, याची मला खात्री आहे. आणि ताई, आपल्या लेखात मामंजी, जाऊबाई, बहीण, मुले सगळ्यांचे मत किंवा पथ्य आले आहे. आजेसासूबाईंचे मात्र फक्त वाचता येत नाही, एवढेच आले आहे. त्यांना काय पाहायचे आहे, हे कोणी विचारले का?

निवांत_बार्शीरोड (बीड)

वरील प्रतिसाद वाचले. बहुसंख्यांचा कल 'मिसेस'सारख्या सिनेमाकडे दिसतो, म्हणून विरुद्ध बाजू मांडतो, आणि ती पुरुषांच्या सोयीसाठी मांडत नाही, असे आधीच नमूद करतो.

महालक्ष्म्यांच्या दिवशी पुरण, सोळा भाज्या, कथली, आंबील, पंचामृत हे सगळे सोवळ्यात करून घरातल्या बायका रात्रीपर्यंत अक्षरशः मोडून गेलेल्या असतात. दिवसभर ज्यांनी हे केले, त्यांना रात्री दीड-दोन तास पुन्हा तेच पडद्यावर दाखवायचे, वर त्यातले दुःख दाखवायचे, आणि पुरुषांनी त्यातून काही शिकावे अशी अपेक्षा करायची, हे मला क्रूर वाटते. शिकायचे ते पुरुषांनी दिवसा स्वयंपाकघरात जाऊन शिकावे. सोवळे आडवे येत असेल तर किमान पंगत वाढावी, ताटे उचलावीत, भांडी विसळावीत. त्यासाठी सिनेमाची गरज नाही. रात्री बायकांना हसू द्या. तंबूतला यांची सूचना मला म्हणूनच योग्य वाटते, आणि रात्रपाळी यांनी तिच्यावर घेतलेला आक्षेप बरोबर असूनही त्या रात्रीपुरता गैरलागू वाटतो.

रात्रपाळी (छत्रपती संभाजीनगर)

निवांत, आपला मुद्दा मान्य आहे आणि तो माझ्या ध्यानात आला नव्हता. सिनेमा योग्य असणे आणि ती रात्र योग्य असणे या दोन गोष्टी आहेत. मात्र "पुरुषांनी दिवसा शिकावे" हे आपण जितक्या सहज लिहिले, तितक्या सहज ते होत असते, तर येळवस ताईंच्या सासूबाईंनी "ह्याचं बरंय" म्हटले नसते. सणाची रात्र सोडून दुसरी कोणती रात्र अशी असते, की घरातले सगळे पुरुष एका खोलीत बसलेले सापडतात, तेवढे मात्र कृपया सांगावे.

मराठीत शोधणाऱ्यांसाठी एक भर. सचिन कुंडलकर यांचा 'गुलाबजाम' (२०१८) अजून कोणी सुचवला नाही. लंडनची नोकरी सोडून एक तरुण पुण्यात एका बाईंकडे मराठी स्वयंपाक शिकायला येतो. शिकणारा पुरुष आणि शिकवणारी बाई, ही मांडणीच मोठ्या माणसांसमोर बोलायला सोपी आहे, कारण कोणाची कुचंबणा न होता "तू कधी शिकणार" हा प्रश्न घरातल्या मुलाला हसत विचारता येतो. ताटे पुण्याची आहेत, आपल्या मराठवाड्याचे येसर आणि धपाटे शोधू नयेत. कथेत दोघांच्या आयुष्यातली दुःखेही येतात, त्यामुळे सात वर्षांची मुलगी मध्येच कंटाळेल.

दुधनाकाठ (सेलू)

सर्वांचे मनापासून आभार. येळवस ताईंचा प्रश्न वाचून मी दुसऱ्याच दिवशी आजेसासूबाईंना विचारले. त्यांनी सिनेमाचे नाव, भाषा काहीच विचारले नाही. "रात्री किती वाजेपर्यंत चालंल?" एवढेच विचारले, आणि साडेनऊनंतर आपण बसणार नाही, दुसऱ्या दिवशी विसर्जन आहे, असे सांगून टाकले. मामंजींना माळकरी यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. कासवाची गोष्ट ऐकून त्यांनी "बरं झालं सांगितलं" असे म्हटले, आणि उंदराचा सिनेमा मुलांसोबत पाहायला ते स्वतः तयार झाले. त्यातल्या काचेच्या दुकानाच्या वेळी पुतणीला मांडीवर घेण्याचे काम त्यांनीच पत्करले आहे.

निवांत यांचे म्हणणे मी घरात जसेच्या तसे वाचून दाखवले. धाकटे दीर म्हणाले, त्या दिवशीची भांडी आम्ही भाऊ घासू. जाऊबाईंनी ते लगेच सर्वांसमोर लिहून घेतले. त्यामुळे महालक्ष्म्यांच्या रात्री साडेसातला 'रॅटाटुई' हिंदीत, सगळ्यांसाठी.

'मिसेस'चा निर्णय वेगळा घेतला आहे. विसर्जनानंतरच्या रविवारी मुले आत्याकडे जाणार आहेत. त्या दुपारी आम्ही मोठी माणसेच घरी असू. बहीण आणि जाऊबाई दोघी समोर असतील, त्यामुळे पाहून झाल्यावर त्यांचा वाद ऐकायला मिळेलच. एकांताचे प्रसंग पुढे ढकलायचे की नाही, यावर अद्याप एकमत नाही. जाऊबाई म्हणतात ढकलावेत. माझे म्हणणे असे आहे, की ते प्रसंग ढकलले तर सिनेमातली सून घर सोडून का जाते, हे मामंजींना कळणार नाही, आणि सगळा दोष चटणीच्या पाट्यावर येईल.

कयाधू (हिंगोली)

ढकलायचे ठरलेच, तर रिमोट कोणाच्या हाती असेल ते आधी नक्की करावे, कारण चुकीच्या क्षणी थांबलेले चित्र पुढे पळणाऱ्या चित्रापेक्षा अधिक अवघड जाते. आणि एक तांत्रिक सूचना. मुलांचे प्रोफाइल वेगळे तयार करून त्यावर वयाची मर्यादा आणि मोठ्यांच्या प्रोफाइलवर पिन घालावा. तेरा वर्षांवरच्या वर्गांसाठी अशा कुलपाची सोय देणे कंपन्यांवर २०२१ च्या नियमांनीच बंधनकारक केले आहे, मात्र ते कुलूप लावावे लागते आपल्यालाच. अन्यथा रविवारी अर्धवट राहिलेला सिनेमा सोमवारी मुलांनी टीव्ही लावताच "पुढे पाहा" म्हणून सर्वांत वर दिसेल.